जुन्या प्रोसेसरला साथ कुठवर? लिनक्सच्या गाभ्यातील एक न संपणारा प्रश्न

लिनक्स या संगणक प्रणालीच्या जडणघडणीत अनेक वर्षे अग्रभागी असलेले हंगेरीचे प्रोग्रामर इंगो मोल्नार यांनी एप्रिल २०२५ मध्ये एक प्रस्ताव मांडला. इंटेल कंपनीच्या ‘४८६’ या प्रोसेसरसाठी, तसेच पेंटियमच्या काळातील परंतु पेंटियमइतक्या सक्षम नसलेल्या काही चिपसाठी लिनक्समध्ये केलेली तजवीज आता काढून टाकावी, असे त्यात सुचवले होते. या प्रस्तावानुसार सुमारे ऐंशी फायलींमधून चौदा हजारांहून अधिक ओळी वगळल्या जाणार होत्या. या विषयावर यापुढे कोणी एक सेकंदही खर्च करावा असे सबळ कारण उरलेले नाही, अशा आशयाचे मत लिनक्सचे जनक लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी त्याच सुमारास व्यक्त केले.

४८६ हा प्रोसेसर एप्रिल १९८९ मध्ये बाजारात आला. नव्वदच्या दशकात आपल्याकडील कार्यालयांत आणि संगणक शिकवणाऱ्या वर्गांत ज्यांनी पहिल्यांदा कळफलकाला हात लावला, त्यांतील अनेकांना हा आकडा आजही आठवत असेल. छत्तीस वर्षांपूर्वीच्या या चिपसाठी लिहिलेल्या ओळी कोणाच्या अध्यातमध्यात न येता एका कोपऱ्यात पडून राहिल्या असत्या, तर बिघडले काय असते, असा प्रश्न सामान्य वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. घरातील माळ्यावर जुनी भांडी असतातच की. परंतु संगणक प्रणालीतील जुन्या ओळी माळ्यावरील भांड्यांप्रमाणे निपचित पडून राहत नाहीत, हीच या वादाची मेख आहे.

गाभा आणि चिप

संगणकावर आपण जे काही पाहतो, म्हणजे पत्रलेखन, हिशेब, चित्रपट, त्या सर्वांच्या तळाशी एक आज्ञावली अखंड कार्यरत असते. तिला कर्नल म्हणतात. मराठीत हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर लष्करी अधिकारी उभा राहतो. मूळ अर्थ मात्र ‘गर’ किंवा ‘गाभा’ असा आहे. स्मृतीचा कोणता भाग कोणत्या आज्ञावलीला द्यायचा, प्रोसेसरचा वेळ कोणाला किती वाटून द्यायचा, डिस्कवर काय लिहायचे, हे सारे गाभा ठरवतो. साहजिकच प्रोसेसरच्या स्वभावाशी सर्वाधिक जवळीक त्याचीच असते.

इंटेलच्या घराण्यातील प्रोसेसरचे एक वैशिष्ट्य असे की नवी चिप जुन्या चिपच्या जवळजवळ सर्व आज्ञा समजू शकते. उलट मात्र घडत नाही. नव्या पिढीत ज्या आज्ञा दाखल झाल्या, त्या जुन्या चिपला सर्वस्वी अपरिचित असतात. म्हणून गाभ्याच्या लेखकांनी एखादी नवी आज्ञा वापरायचे ठरवले की जुन्या चिपसाठी तेच काम करणारा पर्यायी मार्गही लिहावा लागतो. संगणक सुरू होताना गाभा प्रथम चिपची ओळख विचारतो आणि तिच्या कुवतीप्रमाणे मार्ग निवडतो. पर्यायी मार्ग लिहिणे ही फार तर एका दिवसाची गोष्ट झाली. तो पुढे वर्षानुवर्षे चालता ठेवणे, हे खरे ओझे आहे.

एक उदाहरण घेऊ. रेल्वे आरक्षणाच्या दोन खिडक्यांवर एकाच वेळी दोन प्रवासी एकच आसन मागत आहेत, अशी कल्पना करा. पहिला कारकून आसन रिकामे आहे का ते पाहतो, रिकामे असते. त्याने नाव लिहिण्यापूर्वीच दुसराही पाहतो. त्यालाही ते रिकामेच दिसते. दोघेही नाव लिहितात आणि डब्यात भांडण होते. यावर उपाय एकच: ‘रिकामे आहे का पाहा आणि असल्यास नाव लिही’ ही दोन कामे एका दमात, मध्ये कोणालाही शिरकाव न देता झाली पाहिजेत. प्रोसेसरमध्ये यासाठी तुलना आणि अदलाबदल एकत्र करणारी एक स्वतंत्र आज्ञा असते. १९८५ मध्ये आलेल्या ३८६ या चिपमध्ये ती नव्हती. ४८६ मध्ये ती आली, परंतु एका वेळी चारच बाइटवर काम करणारी. आठ बाइटवर काम करणारी आज्ञा १९९३ च्या पेंटियमपासून मिळाली.

आजच्या गाभ्यातील अनेक नोंदी आठ बाइटच्या असतात. ४८६ वर हे काम करताना गाभ्याला बाहेरून येणारे सर्व व्यत्यय क्षणभर थांबवावे लागतात, म्हणजे जणू दुसरी खिडकी बंद करावी लागते, आणि मग टप्प्याटप्प्याने नोंद बदलावी लागते. अचूक कालमापनासाठी पेंटियमपासून चिपमध्येच असलेला गणकही ४८६ मध्ये नाही. ४८६ च्या एका स्वस्त आवृत्तीत तर अपूर्णांकांचे गणित करणारा भागच उपलब्ध नव्हता; ते गणित आज्ञावलीच्या साहाय्याने करून देणारा एक मोठा विभाग लिनक्सला बाळगावा लागला. मोल्नार यांच्या प्रस्तावात वगळायच्या ओळींमध्ये या विभागाचाही समावेश होता.

ज्या चिपवर जन्म झाला तीच

हा प्रश्न लिनक्सपुढे प्रथमच उभा राहिला असे नाही. त्याची पहिली मोठी कसोटी भावनिकदृष्ट्या अधिक अवघड होती.

हेलसिंकी येथे शिकत असलेल्या टोर्व्हाल्ड्स यांनी जानेवारी १९९१ मध्ये ३८६ प्रोसेसर असलेला संगणक विकत घेतला आणि त्या चिपच्या अंगभूत क्षमता अजमावता अजमावता त्यांच्या हातून एक नवी प्रणाली घडली. ऑगस्ट १९९१ मध्ये तिची वार्ता जगाला देताना, ही प्रणाली ३८६ च्या खास सोयींवर अवलंबून असल्याने अन्य यंत्रांवर नेता येण्याजोगी नाही, असे त्यांनी स्पष्टपणे नमूद केले होते. म्हणजे लिनक्स केवळ ३८६ वर चालत होते असे नव्हे. ते ३८६ साठीच जन्मले होते.

परंतु या चिपमध्ये एक उणीव होती. दोन आज्ञावल्या स्मृतीचे एकच पान वापरत असतील, तर त्या पानावर ‘केवळ वाचनासाठी’ अशी खूण केली जाते. कोणी त्यावर लिहू लागले की प्रोसेसर गाभ्याला सावध करतो आणि लिहिणाऱ्यासाठी पानाची वेगळी प्रत काढली जाते. सामान्य आज्ञावलीने लिहिण्याचा प्रयत्न केला तर ३८६ ही सूचना देत असे. परंतु गाभा स्वतःच लिहू लागला तर मात्र तो गप्प बसे. मालकाला कोण अडवणार, असा काहीसा हा प्रकार. परिणामी, एकासाठी लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या पानावर उमटण्याचा धोका होता आणि तो टाळण्यासाठी गाभ्याला प्रत्येक वेळी स्वतःच खातरजमा करावी लागे. ४८६ पासून ही उणीव दूर झाली.

डिसेंबर २०१२ मध्ये ३८६ ची तजवीज काढून टाकण्याचा प्रस्तावही मोल्नार यांनीच सादर केला होता. बहुप्रोसेसर यंत्रांसाठी गाभ्यात काही बदल करायचा म्हटला की दर वेळी ३८६ साठी जादा काम निघते, अशी त्यांची तक्रार होती. टोर्व्हाल्ड्स यांचा १९९१ चा मूळ संगणक यापुढे नवे लिनक्स चालवू शकणार नाही, याचा उल्लेख त्यांनी किंचित हळहळ व्यक्त करीत केला. टोर्व्हाल्ड्स यांनी मात्र आपण भावनाप्रधान नसल्याचे सांगून, ब्याद टळली अशा शब्दांत प्रस्ताव स्वीकारला. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून लिनक्सने आपल्या जन्मभूमीचा निरोप घेतला. इंटेलने स्वतः ३८६ चे उत्पादन सप्टेंबर २००७ पर्यंत चालू ठेवले होते, कारण घरगुती संगणकांतून हद्दपार झालेली ही चिप औद्योगिक यंत्रांमध्ये त्यानंतरही बरीच वर्षे वापरली जात होती.

‘सपोर्ट’ म्हणजे नेमके काय?

या विषयावरील मजकूर मराठीत आणताना ‘सपोर्ट’ या शब्दापाशी अनुवादक हमखास अडखळतो. आधार, पाठबळ, साहाय्य यांपैकी एकही शब्द पुरता बसत नाही. विशिष्ट चिपसाठी लिहिलेल्या ओळी अस्तित्वात आहेत, एवढ्याने तिला सपोर्ट आहे असे म्हणता येत नाही. गाभ्यात दररोज बदल होत असतात. प्रत्येक बदलानंतर त्या चिपवर प्रणाली खरोखर सुरू होते का, हे प्रत्यक्ष यंत्रावर पाहणारे कोणीतरी असावे लागते. बिघाड आढळला तर तो समजून घेऊन दुरुस्त करणारे कोणीतरी लागते. अशा व्यक्तीला लिनक्सच्या जगात ‘मेंटेनर’ म्हणतात. मराठीत कारभारी म्हणू या. कारभारी गेला की ओळी मागे राहतात आणि सपोर्ट संपतो. नंतर त्या ओळी काढून टाकण्याचा जो निर्णय जाहीर होतो, तो पुष्कळदा आधीच घडून गेलेल्या गोष्टीची नोंद असतो.

चिपचे वय हा यातील निर्णायक मुद्दा नाही, हे काही उदाहरणांवरून दिसते.

इंटेल आणि हेवलेट-पॅकार्ड यांनी मिळून विकसित केलेला इटानियम हा प्रोसेसर २००१ मध्ये मोठ्या गाजावाजात आला. मोठमोठ्या सर्व्हरचे भवितव्य हाच ठरवणार, अशी त्याच्याविषयी अपेक्षा होती. ती फोल ठरली. २०२१ च्या आरंभी लिनक्समध्ये त्याच्यावर ‘अनाथ’ असा शिक्का बसला, त्याच वर्षी जुलैत त्याची अखेरची खेप रवाना झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.७ या आवृत्तीतून त्याची तजवीज वगळण्यात आली. काही हौशी मंडळींनी मुख्य प्रवाहाबाहेर हे काम चालू ठेवले आहे.

याउलट मोटोरोला कंपनीचे ६८००० हे घराणे पाहा. त्याचा आरंभ १९७९ चा. अमिगा, अटारी आणि जुने मॅकिंटॉश हे संगणक या घराण्यातील चिपवर चालत. त्यांचे उत्पादन थांबून काही दशके लोटली, बाजारमूल्य म्हणावे तर केवळ संग्राहकांपुरते. तरीही त्यांच्यासाठीचा विभाग लिनक्समध्ये टिकून राहिला, कारण बेल्जियमचे गीर्ट उयटरहूवन आणि त्यांच्यासारखे जाणकार तो नेटाने सांभाळत आले. ज्यामागे दोन बलाढ्य कंपन्या होत्या ती चिप गेली आणि हौशी लोकांनी जपलेली त्याहून बावीस वर्षे जुनी चिप राहिली.

जून २०१८ मध्ये आलेल्या ४.१७ या आवृत्तीतून एकाच वेळी आठ प्रोसेसर घराणी वगळली गेली आणि सुमारे पाच लाख ओळी कमी झाल्या. गमतीचा भाग असा की त्याच आवृत्तीत तैवानमधील अँडीज या कंपनीच्या प्रोसेसरचे एक घराणे नव्याने दाखल झाले होते; चार वर्षांत, २०२२ मध्ये, तेही गेले. हिताचीच्या ‘एच ८’ या जपानी चिपची कथा आणखी निराळी. ती एकदा वगळली गेली, २०१५ मध्ये नवा कारभारी मिळाल्याने परतली आणि २०२२ मध्ये पुन्हा गेली. परतीचा मार्ग खुला असतो, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

एका बाइटची गोष्ट

ज्या कारभाऱ्यांकडे चिकाटीची वाण नव्हती, त्यांनाही कधीकधी हार मानावी लागली. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९९२ मध्ये आणलेला अल्फा हा त्या काळातील अत्यंत वेगवान प्रोसेसर होता. या कंपनीतील जॉन हॉल यांनी १९९४ मध्ये टोर्व्हाल्ड्स यांना अल्फा संगणक मिळवून दिला आणि ‘अन्य यंत्रांवर नेता येणार नाही’ असे म्हटलेली प्रणाली इंटेलच्या कुंपणाबाहेर पडली. आज ती भ्रमणध्वनीपासून महासंगणकापर्यंत सर्वत्र पोहोचली आहे; त्या प्रवासात अल्फाचा वाटा मोठा आहे.

मात्र वेग साधण्यासाठी सुरुवातीच्या अल्फामध्ये एक काटछाट करण्यात आली होती. स्मृतीतील एकच बाइट वाचण्याची किंवा लिहिण्याची आज्ञाच त्यात नव्हती. एका वहीत एकच नोंद बदलायची, परंतु त्यासाठी अख्खे पान फाडून घ्यायचे, नोंद बदलून ते पुन्हा लिहायचे आणि वहीत चिकटवायचे, असा हा व्यवहार. मधल्या वेळात दुसऱ्या कोणी त्याच पानावरील शेजारची नोंद बदलली असेल, तर ती नाहीशी होणार. एका प्रोसेसरच्या यंत्रात हे निभावून जाते. परंतु अनेक कामे परस्परांत गुंतलेली असताना अशा चुका कधी आणि कोठे डोके वर काढतील, याचा नेम नसतो. पुढच्या अल्फामध्ये १९९६ च्या सुमारास ही उणीव भरून काढण्यात आली. जुलै २०२४ मधील ६.१० या आवृत्तीने त्यापूर्वीच्या अल्फांना निरोप दिला. त्यांच्यासाठी संपूर्ण गाभ्याने प्रत्येक बाइट जपून हाताळावा, अशी अपेक्षा करणे यापुढे परवडणारे नव्हते. नंतरचे अल्फा त्या वेळी कायम ठेवण्यात आले.

जुन्या चिप सांभाळण्याचा लाभ काहीच नाही, असा याचा अर्थ नव्हे. वेगवेगळ्या स्वभावाच्या यंत्रांवर एकच आज्ञावली चालवली की तिच्यातील लपलेले दोष उघड होतात. मोटोरोलाच्या घराण्यात संख्येचे बाइट इंटेलच्या उलट क्रमाने मांडलेले असतात. इंटेलवर निर्धास्तपणे चालणारी बेफिकीर ओळ तेथे तत्काळ पकडली जाते. ओपनबीएसडी या प्रणालीचे विकासक नेमक्या याच कारणासाठी आडवळणाच्या यंत्रांवरही आपली प्रणाली चालवून पाहत आले आहेत. ४८६ च्या बाबतीत मात्र हा युक्तिवाद लंगडा पडतो. त्याचा स्वभाव पेंटियमसारखाच आहे, केवळ कुवत कमी आहे. त्याला सांभाळून नवे दोष सापडत नाहीत. उलट त्याच्यासाठी घातलेल्या ठिगळांमुळेच कधीकधी दोष निर्माण होतात, असे मोल्नार यांचे म्हणणे होते. ते पटण्यासारखे आहे.

ज्यांच्याकडे अशी यंत्रे आहेत त्यांचे काय?

जुन्या आवृत्त्या नष्ट होत नाहीत, त्या कोणालाही केव्हाही मिळवता येतात. ज्यांनी ४८६ संग्रहालयातील वस्तू म्हणून जपला आहे, त्यांनी गाभाही संग्रहालयातीलच वापरावा, असे टोर्व्हाल्ड्स यांनी २०२२ मध्येच म्हटले होते. शिवाय काही आवृत्त्यांना सुरक्षाविषयक दुरुस्त्या दीर्घकाळ पुरवल्या जातात. ३८६ ला सामावून घेणाऱ्या ३.२ या आवृत्तीला अशा दुरुस्त्या २०१८ पर्यंत, म्हणजे ३८६ वगळल्यानंतरही पाच वर्षे मिळत होत्या. वीज केंद्रे, रेल्वे यांसारख्या ठिकाणी यंत्रे वीस-तीस वर्षे बदलली जात नाहीत. त्यांच्यासाठी काही उद्योगसमूहांनी २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली एकत्र येऊन निवडक आवृत्त्या किमान दहा वर्षे सांभाळण्याचा उपक्रम सुरू केला. तरीही एक धोका उरतोच. दुरुस्त्या थांबलेली प्रणाली चालवणारे यंत्र महाजालाला जोडलेले असेल, तर नव्याने उघड झालेले छिद्र बुजवण्याची जबाबदारी सर्वस्वी मालकावर येऊन पडते. एकटेच चालणाऱ्या यंत्राला तेवढी भीती नसते.

सामान्य वापरकर्त्यापर्यंत हा निर्णय पोहोचतो तो प्रामुख्याने वितरणांमार्फत, आणि वितरणे गाभ्याच्या कितीतरी आधी पाऊल उचलतात. डेबियन या प्रमुख वितरणाने २०१७ मध्येच मूळ पेंटियमची साथ सोडली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून इंटेलच्या ३२ बिट यंत्रांवर स्थापना करण्याची नेहमीची सोयही बंद झाली.

मायक्रोसॉफ्टची रीत यापेक्षा भिन्न आहे. तेथे कंपनी ठरवते आणि ग्राहकाला कळवते. मार्च २०१८ मध्ये विंडोज ७ च्या एका सुरक्षा दुरुस्तीनंतर पेंटियम ३ सारख्या जुन्या प्रोसेसरवरील संगणक बंद पडू लागले. कंपनीने प्रथम तोडगा काढत असल्याचे सांगितले. जूनमध्ये मात्र प्रोसेसर बदलण्याचा सल्ला दिला. त्या वेळी विंडोज ७ ची जाहीर केलेली मुदत संपण्यास दीड वर्षाहून अधिक अवधी शिल्लक होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने तर इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे, म्हणजे साधारणतः २०१७ पूर्वीचे, बहुतेक प्रोसेसर अपात्र ठरवले आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मुदत संपली. आपल्याकडील अनेक शाळांत, दुकानांत आणि घरांत याच वयाचे संगणक व्यवस्थित चालत आहेत. येथे प्रश्न संग्रहालयातील वस्तूंचा नाही. चौदा हजार ओळींवरून झालेली चर्चा निदान सर्वांसमोर झाली आणि तिला उत्तर देण्याची मुभा प्रत्येकाला होती.

अशा संगणकांच्या मालकांसाठी एक बाब उपयुक्त ठरेल. एएमडी कंपनीने २००३ मध्ये बाजारात आणलेल्या आणि पुढे इंटेलनेही स्वीकारलेल्या ६४ बिट प्रोसेसरना लिनक्सच्या गाभ्याने वगळलेले नाही. आपल्या यंत्राचा प्रोसेसर ६४ बिटचा असेल आणि स्मृती पुरेशी असेल, तर पंधरा वर्षांपूर्वीच्या संगणकावरही नवा गाभा चालू शकतो.

यापुढील चर्चा ३२ बिट यंत्रांची असेल, अशी चिन्हे आहेत. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ३२ बिटांत साठवलेली कालगणना तिच्या मर्यादेला पोहोचते आणि त्यानंतर जुन्या पद्धतीची घड्याळे एकदम १९०१ सालात जातात. ३२ बिट यंत्रांना ही तारीख ओलांडता यावी, यासाठी आवश्यक ते बदल गाभ्यात २०२० मधील ५.६ या आवृत्तीपर्यंत करून झाले आहेत. त्या दिवशी तो गाभा त्या यंत्रांवर तपासून पाहणारा कारभारी असेल की नाही, हे अद्याप ठरलेले नाही.